करुणेवरचा आरोप आणि वसईची साक्ष

आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसले, तर ‘बरे झाले, कोणीतरी आहे’ असे म्हणण्याची आपली जुनी रीत. बसणारा ख्रिस्ती असेल तर मात्र ‘हा कशाला बसला?’ असे विचारण्याची नवी रीत पडली आहे. विचारणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. पुरावा द्यायचा तो बसणाऱ्याने. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानात भरतपूरच्या एका कार्यक्रमात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, की मदर तेरेसांची सेवा चांगली असेल, पण तिच्यामागे सेवा घेणाऱ्याला ख्रिस्ती करण्याचा हेतू होता. सप्टेंबर २०१९ मध्ये वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हाही हेच झाले. मराठी बायबलसाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेल्या, ‘सुवार्ता’ मासिक चोवीस वर्षे चालवलेल्या या माणसाला काही संघटनांनी ‘धर्मप्रसारक’ ठरवले. धमक्यांचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोरांना संमेलनाला जाऊ नका असे सुनावण्यात आले. महानोर गेले. फादरही गेले, पाठीच्या दुखण्याने चालवत नसताना चाकाच्या खुर्चीवरून गेले.

मी वसईचा ख्रिस्ती आहे. या आरोपावर आमच्याकडे सहसा दोन उत्तरे असतात. एक गप्प बसणे. दुसरे संस्थांची यादी वाचणे: इतक्या शाळा, इतकी रुग्णालये, इतके अनाथाश्रम. यादीने काही सिद्ध होत नाही, कारण आरोप करणारा त्याच यादीकडे बोट दाखवून म्हणतो, हेच तर आमिष. म्हणून मी यादी देणार नाही. आरोप खरा मानून चालू आणि तो तपासून पाहू. तपासायला वसईइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

आरोपात खरे आहे ते आधी मान्य करतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि पुढची दोनशे वर्षे इथे त्यांचे राज्य चालले. त्या राज्यात धर्म आणि सत्ता एका ताटात जेवत होत्या. ख्रिस्ती होणाऱ्याला सवलती होत्या, न होणाऱ्यावर निर्बंध होते. हिंदू आईबापांची अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचे फर्मान १५५९ मध्ये निघाले. १५६० पासून गोव्यातल्या धर्मसमीक्षण न्यायालयाची दहशत होती आणि तिचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. हे सारे घडले. त्याची सफाई द्यायला मी बसलेलो नाही. पोरक्या मुलाकडे पाहून ज्या सत्तेला आधी बाप्तिस्मा आठवला, तिने येशूचे नाव घेऊन येशूच्या शिकवणुकीविरुद्ध काम केले, असे मी ख्रिस्ती म्हणून म्हणतो.

पण मग १७३९ उजाडते. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या सवलती गेल्या, पदे गेली, तांदूळ गेला. ख्रिस्ती देवळांच्या घंटा उतरवल्या गेल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू मंदिरांत बांधल्या गेल्या. आता ख्रिस्ती राहण्यात कसलाही फायदा उरला नव्हता. उलट राज्यकर्त्यांच्या धर्मात परत जाण्यात होता. काही घराणी परत गेलीही. आज वसईत सामवेदी बोली हिंदूंच्या घरातही ऐकू येते आणि कुपारी ख्रिस्ती घरातही. पण बाकीचे राहिले. पानवेलीच्या मळ्यांत, केळीच्या बागांत, कोळीवाड्यांत राहिले. मराठी बोलत, कसत, मासे मारत राहिले. आता जवळजवळ २९० वर्षे होत आली.

आमिषाच्या सिद्धान्तवाल्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे. आमिषाने बांधलेला माणूस आमिष संपल्यावर किती दिवस थांबतो? आमच्या पूर्वजांपैकी पहिल्या पिढीतला कोणी धाकाने ख्रिस्ती झाला असेल, कोणी लोभाने, कोणी मनापासून. ते चारशे वर्षांपूर्वीचे मन उघडून पाहण्याचे साधन कोणाकडेच नाही. पण १७३९ नंतरच्या पिढ्यांना ना धाक होता ना लोभ. त्यांनी जे धरून ठेवले ते त्यांना आपले वाटले म्हणूनच.

आता आकडे. १९५१च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती होते सुमारे २.३ टक्के. २०११च्या जनगणनेतही सुमारे २.३ टक्केच. महाराष्ट्रात तर पुरता एक टक्काही नाहीत. या साठ वर्षांत मिशनऱ्यांच्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांची मोजदाद करणे अवघड आहे, इतकी त्यांची संख्या मोठी आहे. मंत्री, सनदी अधिकारी, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, उद्योजक आणि आमिषाचा आरोप करणारे कितीतरी नेतेही त्यांत आहेत. मिशनच्या दवाखान्यांत जन्मलेली बाळे वेगळीच. हे सारे जर धर्मांतराचे जाळे असेल, तर जगाच्या इतिहासात इतके निकामी जाळे कोणी विणले नसेल. समजूतदार माणसाने यावरून एकच निष्कर्ष काढावा: जाळे नव्हतेच.

या आरोपातली मला सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट ख्रिस्ती लोकांबद्दलची नाहीच. ती गरिबाबद्दलची आहे. ‘आदिवासीला पोतेभर तांदूळ दिला की तो देव बदलतो’ असे म्हणणारा मिशनऱ्यावर आरोप करतो असे वाटते. खरे तर तो आदिवासीला बिनडोक ठरवतो. पैसेवाल्याने धर्म बदलला तर ते चिंतन, आणि गरिबाने बदलला तर ती फसवणूक? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना कोणी काय दिले होते? काहीच नाही. सवलती जाण्याची भीती होती, तरी ते गेले, कारण त्यांना माणूस म्हणून जगायचे होते. गरिबाला पोट असते तसा मानही असतो. ज्या समाजाने तो मान त्याला दिला नाही, त्या समाजाने तो दुसऱ्या दारात का गेला याची चौकशी करण्याआधी स्वतःचे दार तपासावे.

शब्दांची व्याख्या कशी ताणली जाते तेही पाहा. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये केलेल्या धर्मांतरविरोधी कायद्यात आमिषाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण येते आणि अधिक चांगले राहणीमानही येते. ही व्याख्या मान्य केली तर गरिबाच्या मुलाला फुकट शिकवणे हाच संशयाचा विषय होतो. मग अपराधातून सुटण्याचा सोपा मार्ग एकच, गरिबाला शिकवूच नये. फसवणूक करणाऱ्याला पकडायला फसवणुकीचा कायदा पुरेसा आहे. त्यासाठी परोपकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नाही.

आता आमच्या धर्मग्रंथाकडे येतो, कारण ‘तुमच्या धर्मातच हे सांगितले आहे’ असे अनेक जण न वाचता सांगतात. लूकच्या शुभवर्तमानात येशूने एका चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आहे. यरीहोच्या वाटेवर चोरांनी मारून अर्धमेला केलेला एक माणूस पडला आहे. त्याच्याच धर्माचा याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो. थांबतो तो शोमरोनी. शोमरोन्यांचे आणि यहुद्यांचे देवस्थान वेगळे, एकमेकांचे पाणी चालत नव्हते असे वैर. हा शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, स्वतःच्या पदरचे पैसे देतो आणि पुढे निघून जातो. जखमी माणूस बरा झाल्यावर कोणत्या देवळात गेला, हे येशूने सांगितले नाही. ते विचारण्याची गरज त्याला वाटली नाही.

त्याच शुभवर्तमानात दहा महारोग्यांची कथा आहे. दहाही बरे झाले, आभार मानायला परत आला तो एकच, तोही परका. उरलेल्या नऊ जणांचा रोग येशूने परत आणला नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे राजा उपाशी, तहानेला, उघडा, आजारी, तुरुंगातला आणि परका यांच्याशी तुम्ही कसे वागलात एवढेच विचारतो. किती जणांना बाप्तिस्मा दिलात, हा प्रश्न त्या न्यायालयात नाही. आणि तेविसाव्या अध्यायात एक माणूस आपल्या पंथात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपंडितांवर येशूने जितके कडक शब्द वापरले आहेत, तितके कडक शब्द आमच्या टीकाकारांनीही वापरलेले नाहीत.

ख्रिस्तसभेची आजची अधिकृत भूमिकाही उघड आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढला. धर्मप्रसारात जबरदस्तीचा वासही येऊ नये, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, असे त्यात बजावले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट हे परंपरेचे कडवे रक्षक म्हणून ओळखले जात. त्यांनीही २००५च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात प्रेमसेवा धर्मांतराचे साधन म्हणून वापरता येणार नाही असे स्वच्छ लिहिले. यानंतरही एखादा स्वयंघोषित प्रवचनकार पाड्यावर जाऊन ‘प्रार्थनेने कावीळ बरी होते, औषध सोडा’ असे सांगत असेल, तर तो फसवणूक करतो आहे. त्याला आमचा आधार नाही. त्याच्यावर कायद्याने कारवाई व्हावी. पण त्याच्या पापाचा हिशेब रात्रभर कुष्ठरोग्याच्या जखमा धुणाऱ्या सिस्टरच्या नावावर मांडू नका.

मी एक गोष्ट लपवत नाही. ख्रिस्ती माणूस करुणा करतो ती ख्रिस्तासाठी. हे लपवण्यासारखे नाहीच. पैठणच्या नाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडात गंगेची कावड रिकामी केली, तीही देवासाठीच. तुकोबांनी रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणाऱ्यात देव ओळखायला सांगितले. गुरुद्वारातला लंगर वाहेगुरूच्या नावाने चालतो. श्रद्धा हे करुणेचे कारण असू शकते. आरोप तेव्हाच लागू पडतो, जेव्हा श्रद्धा ही तिची किंमत होते, म्हणजे घेणाऱ्याकडून वसूल केली जाते. माझे कारण माझ्याजवळ असू द्या. मी घेणाऱ्याकडून काय मागितले ते तपासा.

मराठी वाचकाला हे तपासायला दूर जायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यात मिळाले काय? बायको दुरावली, गोत तुटले, बहिष्कार पडला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, आणि त्या होरपळीची हकिगत ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्या टिळकांच्या अहमदनगरच्या घरात पोरक्या पोरांचा राबता असे. तिथेच त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक हळवा मुलगा राहत होता. टिळक दांपत्याने त्याला लेकासारखे सांभाळले. अन्न दिले, माया दिली, कवितेला दाद दिली. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. १९१८ मध्ये रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो जन्मला तसाच हिंदू होता. धर्मासाठी सर्वस्व पणाला लावलेल्या माणसाच्या घरात राहून, त्याचे मीठ खाऊन, त्याच्यावर जीव टाकून बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या प्रेमात तसूभर उणे आले नाही. मराठी साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

अहमदनगर जिल्ह्यातच पुढे हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट धर्मगुरू आले. दुष्काळी गावांत माती अडवा, पाणी अडवा, हे काम त्यांनी हाती घेतले. १९८९ मध्ये भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, १९९३ मध्ये पाणलोट विकासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. गावांच्या विहिरींना पाणी आले. गावे होती त्या धर्माची राहिली.

आता वसईकडे परत येतो, कारण आमिषाचा आरोप इथे जितका उघडा पडतो तितका कुठेच पडत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्याचे पाणी नाजूक आहे. एका बाजूला समुद्र, बाकीच्या बाजूंना खाड्या. जमिनीखाली खारे पाणी, आणि त्याच्यावर पावसाने मुरवलेल्या गोड्या पाण्याचा पातळ थर. आमच्या पूर्वजांनी वाड्यांमधून बावखले म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी खणली, विहिरी बांधल्या, त्यावर भाजी, फुले, पानवेल, केळी काढली. हा थर जपून वापरला तर शतकानुशतके टिकतो. पंप लावून उपसला की खालचे आणि बाजूचे खारे पाणी आत शिरते, आणि एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने वसई-विरारची मोठी जमीन बांधकामाला मोकळी केली. इमारती उभ्या राहिल्या, नळ नव्हते. मग गावातल्या विहिरींवर टँकर लागले. बिल्डर, टँकरवाले आणि त्यांना पाठीशी घालणारी गुंडगिरी, यांची साखळी जुळली. त्या काळी वसईत तोंड उघडायला छाती लागत असे.

अशा वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे उभे राहिले फादर दिब्रिटो. नंदाखालच्या शेतकरी घरात १९४२ साली जन्मलेले, रोज मिस्सा करणारे धर्मगुरू. त्यांच्या मोर्च्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी होते. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायका होत्या. मागणी साधी होती: आमचे पाणी उपसू नका, आमची जमीन गिळू नका, नियोजन करा मग बांधा. फादरांना धमक्या आल्या. त्यांनी ‘सुवार्ते’तून लिहिले, रस्त्यावर उतरले, सभा घेतल्या.

आमिषवाल्यांना माझा प्रश्न आहे. या कामात आमिष कोणते? विहीर वाचली तर कोणाला बाप्तिस्मा मिळतो? गोडे पाणी हिंदूच्या वाडीत आणि ख्रिस्त्याच्या वाडीत एकाच थरातून येते. ज्यांच्यासाठी लढायचे त्यातले बरेच जण दुसऱ्या धर्माचे, ज्यांच्याविरुद्ध लढायचे त्यांच्याकडे पैसा आणि पिस्तुले, आणि जिंकलो तर मिळणार काय, तर शेजाऱ्याची केळ हिरवी राहणार. माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालून अशा व्यवहारात पडतो तेव्हा त्याला हिशेब दाखवून पटवण्यासारखे काही उरत नाही. फादरांना विचारले असते तर त्यांनी शुभवर्तमानाकडे बोट दाखवले असते आणि ज्ञानेश्वरी-तुकारामांकडेही. दोन्ही त्यांनी आयुष्यभर वाचले होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांनी केले ते ख्रिस्ती करुणेचे काम होते आणि त्याचा लाभ वसईच्या प्रत्येक धर्माच्या माणसाला मिळाला.

इथे दुसरा आरोप येतो. तो जरा गोड भाषेत, बऱ्याचदा आमच्याच माणसांकडून येतो. ‘फादरांनी देवळात राहावे, गोरगरिबांना कपडे वाटावे, आजाऱ्याला भेटावे. जमीन, पाणी, महानगरपालिका हे धर्माचे काम नव्हे.’ मला हा आरोप पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो. पहिला आरोप करुणेला खोटी म्हणतो. हा तिला खरी म्हणतो आणि बांधून ठेवतो. ज्या करुणेने कोणाचे काही बिघडत नाही, फक्त तेवढीच त्याला हवी आहे.

विहीर खारी झाल्यावर शेतकऱ्याच्या बायकोला साडी वाटायची आणि विहीर खारी करणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, याला करुणा म्हणत असाल तर बायबलमधल्या संदेष्ट्यांना तुम्ही ओळखत नाही. आमोस हा मेंढरे राखणारा माणूस. गरिबाला चपलांच्या जोडाच्या किमतीत विकणाऱ्या श्रीमंतांना त्याने भर देवस्थानात जाऊन सुनावले, आणि न्यायावाचून केलेली गाणी-स्तोत्रे देवाला नकोत असे सांगितले. तेव्हाही तिथल्या पुजाऱ्याने त्याला हेच म्हटले: इथे बोलू नकोस, आपल्या गावी जा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आकांत आणि गरिबाचा आकांत एकच आहे असे मांडले. वसईच्या शेतकऱ्याला ते त्याआधी पंचवीस वर्षे कळले होते, कारण त्याच्या रहाटाला खारे पाणी लागले होते.

आणि त्या वेळच्या इशाऱ्यांचे पुढे काय झाले ते पाहा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात घरांत, रुळांवर, मिठागरांत दिवसच्या दिवस पाणी साचून राहिले. पाणी जाण्याच्या वाटा बुजवून बांधकामे केल्यावर दुसरे काय होणार? २०२५च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी घर घेताना आयुष्याची पुंजी ओतली होती. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जमिनीवर इमारती उठत होत्या तेव्हा ज्यांनी डोळे मिटले, ते बेघर झाले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळली. सतरा माणसे मेली.

‘धर्माने बांधकामाच्या भानगडीत पडू नये’ म्हणणाऱ्यांनी त्या सतरा माणसांचा विचार करावा. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावणे धर्माचे काम, आणि ती इमारत उठत असताना ‘परवाना दाखवा’ म्हणणे राजकारण, अशी वाटणी कोणी केली? शोमरोन्याला त्याच वाटेवर रोज एक जखमी सापडू लागला, तर तो कधीतरी विचारणारच ना, की या वाटेवर चोरांना पाळतो कोण?

इथपर्यंत मी इतरांशी बोललो. आता आपल्याच लोकांशी बोलतो. ते टाळले तर वरचे सगळे पोकळ ठरेल.

हरित वसईच्या काळात टँकरला विहीर भाड्याने देणाऱ्यांत आपलेही होते. वाडी विकून बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांतही आपले होते. आणि आज आपल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) जी करुणा चालते, ती बऱ्याच ठिकाणी धर्मग्रामाच्या हद्दीवर येऊन थांबते. संत विन्सेंट दि पॉल सोसायटीच्या मदतीच्या यादीत आपल्याच मिस्सेला येणारी घरे किती आणि रेल्वेपलीकडच्या चाळीतली किती? नालासोपाऱ्यातल्या उत्तर भारतीय रिक्षावाल्याला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो? वाड्यांवर राबायला आलेल्या आदिवासी बाईला बसायला काय देतो, आणि पाणी कोणत्या भांड्यातून? रिकामी खोली भाड्याने देताना आडनाव आणि जात विचारतो की नाही? ‘हे लोक आले म्हणून वसई बिघडली’ असे आपण सहज म्हणतो. वसई बिघडली ती नियोजन विकणाऱ्यांमुळे. बिहारमधून, कोकणातून, मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या माणसाला बेकायदा इमारतीतली स्वस्त खोली मिळाली, त्याने ती घेतली. तो या गुन्ह्याचा बळी आहे. मत्तयच्या त्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याइतकाच परक्याचाही उल्लेख आहे, आणि २०११ मध्येच लोकसंख्या बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरार शहरात परका माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

आमिषाचा आरोप करणाऱ्यांना खरा आधार आपण इथे देतो. आपली करुणा फक्त आपल्यांसाठी दिसली, तर ती आपली संख्या राखण्यासाठी आहे असे म्हणायला त्यांना जागा मिळते. जी करुणा परक्यावर, परधर्मीयावर, आपल्याला कधी काही परत देऊ न शकणाऱ्यावर होते, तिच्यावर हा आरोप टिकत नाही. ओडिशातल्या मनोहरपूरला १९९९ मध्ये पती आणि दोन लहान मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा पुढेही चालू ठेवली. त्यांच्याबद्दल ‘आमिष’ हा शब्द उच्चारताना आरोप करणाऱ्याचाही आवाज चाचरतो. तो चाचरावा असे काम वसईतही व्हावे.

म्हणून वसईच्या प्रत्येक धर्मग्रामाला माझी विनंती आहे. या वर्षी मदतीच्या याद्या रेल्वे ओलांडून न्या. पावसाळ्यात देवळाची सभागृहे पाणी शिरलेल्या चाळींसाठी उघडी ठेवा आणि दारात नाव विचारू नका. आपल्या भागात उठणाऱ्या प्रत्येक इमारतीचा परवाना माहितीच्या अधिकारात मागा, त्या इमारतीत राहायला येणारा ख्रिस्ती नसला तरी मागा. तरुणांनी बावखले आणि विहिरींची नोंद करावी, कोणाच्या वाडीतली आहे हे न पाहता. आणि ज्यांना आमच्या सेवेवर संशय आहे त्यांनाही सांगणे एवढेच, की आमच्याबरोबर या. चिखल काढायला, रुग्णाला उचलायला, परवाना मागायला दोन हात नेहमीच कमी पडतात. काम करताना आम्ही कोणाला काय मागतो ते शेजारी उभे राहून पाहा.